रेन लिली: तहानेवर फुलणारं रोप कुंडीत कसं वाढवायचं

नर्सरीत जाऊन नुसतं ‘लिली द्या’ म्हणालात, तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी स्पायडर लिली हातात पडेल. हारात ओवायला तिच्याच लांब पांढऱ्या कळ्या लागतात, त्यामुळे बाजाराच्या भाषेत लिली म्हणजे ती. इथे विषय आहे तो वीतभर उंचीच्या, लसणाच्या पातीसारख्या पानांच्या आणि एका दांड्यावर एकच फूल धरणाऱ्या छोट्या रोपाचा. ते हवं असेल तर ‘रेन लिली’ किंवा ‘पावसाळी लिली’ असं स्पष्ट सांगा. शास्त्रीय नाव झेफिरँथस, म्हणजे पश्चिम वाऱ्याचं फूल. हे प्रजातीनाम विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ साली दिलं.

सगळ्या रेन लिली मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अमेरिकेच्या आग्नेय भागातली ओलसर कुरणं, टेक्सास, मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि खाली थेट अर्जेंटिनापर्यंत त्यांच्या जाती रानात उगवतात. आपल्याकडे त्या बागेतून आल्या आणि इतक्या रुळल्या, की वळवाचा पाऊस पडल्यावर चार-पाच दिवसांनी अपार्टमेंटच्या वाफ्यात गुलाबी फुलं दिसली की ती इथलीच वाटतात.

रोप जगवणं अगदी सोपं आहे. ‘पानं भरघोस आहेत, फूल मात्र एकही नाही’ ही तक्रार मात्र घरोघरी ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, रोज प्रेमाने घातलेलं पाणी. बहुतेक जातींना फुलण्यासाठी आधी कोरड पडावी लागते. खालच्या बऱ्याचशा सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

कोणती जात आपल्याकडे आहे

हे आधी ओळखा, कारण पाण्याचा हिशोब जातीनुसार बदलतो.

मोठ्या गुलाबी फुलांची जात महाराष्ट्रात सर्वांत जास्त दिसते. नर्सरीवाले तिला ग्रँडिफ्लोरा म्हणतात, पुस्तकांत बहुधा कॅरिनाटा हे नाव सापडतं. फूल ६ ते ७ सेंमी, पानं चपटी आणि ५ ते ८ मिमी रुंद. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिका. वळीव आणि मृगाचा पहिला पाऊस हा तिचा मोठा बहर. ही जात सहसा बी धरत नाही, कांद्यांनीच वाढते.

पिवळी सिट्रिना मेक्सिकोच्या युकातान भागातली. फूल ३ ते ४ सेंमी, पानं अरुंद, आणि बी भरपूर. इतकं, की शेजारच्या कुंडीतही तिची पिल्लं उगवतात. हे गुण की अवगुण ते ज्याचं त्याने ठरवावं. रोझिया ही कॅरिबियन भागातली लहान, गडद गुलाबी जात. फूल जेमतेम ३ सेंमी, आत हिरवट गळा. पावसाळा सरताना ती रंगात येते.

पांढरी कँडिडा मात्र वेगळ्या स्वभावाची. ती अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील या बाजूच्या ओलसर, पाणथळ जागांतली. पानं चपटी नसून सुतळीसारखी गोलसर, जाड आणि गडद हिरवी असतात, आणि वर्षभर टिकतात. ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत फुलं येतात. हिला कोरडीचा धडा शिकवायला जाऊ नका. ओलावा टिकला तर ती खूश असते.

फूल सरळ आकाशाकडे न बघता तिरकं झुकलेलं, फिकट गुलाबी आणि मोठं असेल तर ती बहुधा हॅब्रॅन्थस, म्हणजे रेन लिलीची जवळची नातलग. अलीकडे तिलाही झेफिरँथसमध्येच धरतात. तिची निगा मोठ्या गुलाबीसारखीच ठेवा.

ऑनलाइन विक्रीत दुहेरी पाकळ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या आणि नारिंगी संकरित जाती दिसतात. त्यातल्या कित्येक थायलंड आणि इंडोनेशियाकडच्या. सुंदर असतात, पण सुरुवात त्यांनी करू नये. साध्या गुलाबीचं एक वर्ष नीट पार पडलं की मग पैसे घालावेत. निळ्या रेन लिलीचे फोटो दिसले तर पुढे सरका, निळी रेन लिली नसते.

कांदे निवडताना

खरेदीला फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, कारण कांदे विश्रांतीत असतात आणि जूनपर्यंत मुळं धरतात. मोठ्या गुलाबीचा फुलण्याजोगा कांदा साधारण २ सेंमी जाड असतो. पिवळी आणि रोझिया यांचा १ ते १.५ सेंमी पुरतो. त्याहून बारीक कांदे मेलेले नसतात, पण त्यांना फुलायला आणखी एखादा हंगाम लागेल, हे धरून चाला.

कांदा बोटात दाबून बघा. घट्ट हवा. मान पिचपिचीत असेल किंवा तळाशी काळपट ओल असेल तर तो नको. तळाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती शाबूत असलीच पाहिजे. ती नसेल तर कांदा कितीही टपोरा असो, उपयोग नाही. कांद्याला जुनी पांढरी मुळं असतील तर ती छाटू नका. रेन लिलीची मुळं दरवर्षी नव्याने येत नाहीत, जुनीच पुढे काम करतात. ट्युलिपसारखे हे कांदे महिनोन्‌महिने उघड्यावर सुकवून ठेवता येत नाहीत. आठ-पंधरा दिवस थांबायचंच असेल तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा.

कुंडी आणि माती

कुंडी उंच नको, पसरट हवी. १० ते १२ इंच व्यासाची आणि ६ इंच खोल मातीची परळी सर्वांत चांगली. मातीच्या कुंडीतून पाणी बाजूनेही उडतं, त्यामुळे माती लवकर कोरडी होते, आणि आपल्याला तेच हवं आहे. प्लॅस्टिकची असेल तर तळाला किमान चार-पाच भोकं पाडा. खोल कुंडीत खालची माती आठवडाभर ओली राहते. वरून बोट लावलं तर कोरडं, आणि आत कांद्याचा तळ पाण्यात. कुजण्याची सुरुवात इथूनच होते.

८ इंची कुंडीत सुमारे ४ लिटर मिश्रण बसतं. प्रमाण असं ठेवा: २ भाग बागेची लाल माती किंवा पोयटा, १ भाग जाडसर वाळू, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. वाळू बांधकामाची चालते, पण चाळून वरची जाड घ्यावी. पिठासारखी बारीक वाळू निचरा सुधारण्याऐवजी बिघडवते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. गॅलरीत वजनाची अडचण असेल तर अर्धी माती काढून तिथे कोकोपीट घाला, मात्र त्या कुंडीला सुकायला जास्त दिवस लागतील हे लक्षात ठेवा. मिश्रणात कुंडीमागे एक मोठा चमचा बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घाला. ते सावकाश विरघळतं आणि वर्षभर पुरतं.

शेणखत अर्धकच्चं असेल तर त्याच्या उष्णतेने कांद्याचा तळ भाजतो आणि हुमणीही येते. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता ओल्या मातीचा वास आला पाहिजे.

जमिनीत लावायचं तर काळ्या मातीत सपाट वाफा करू नका. विदर्भ-मराठवाड्यातली भारी काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकते; त्या तड्यांत कांदे उघडे पडतात. १५ ते २० सेंमी उंच गादी वाफा करा, त्यात बारीक मुरूम आणि कुजलेलं खत मिसळा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा निचरा आयताच असतो, तिथे फक्त खत वाढवायचं.

लावणी

१. कुंडीच्या भोकांवर खापरीचे तुकडे पालथे ठेवा. त्यावर मिश्रण भरा, काठापासून ३ सेंमी जागा मोकळी सोडा.

२. कांदे १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून १५ मिनिटं बुडवा, मग तासभर सावलीत सुकवा. रसायन नको असेल तर त्याऐवजी तितक्याच साध्या पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा घ्या; ती जिवंत बुरशी आहे, म्हणून दोन्ही एकत्र वापरू नका.

३. कांद्याच्या उंचीइतकाच खड्डा करा. मानेचं टोक मातीच्या पातळीला किंवा जेमतेम बाहेर राहिलं पाहिजे. फार खोल लावलेला कांदा सगळी शक्ती मान वर आणण्यात घालवतो आणि त्या वर्षी फुलत नाही. विदर्भात जमिनीत लावताना मात्र २ ते ३ सेंमी माती वर येऊ द्या, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात कांदा भाजतो.

४. अंतर ५ ते ६ सेंमी. ८ इंची कुंडीत ८ ते १० कांदे, १२ इंची परळीत १५ ते २०. जमिनीत ८ सेंमी अंतर ठेवलं तर एक मीटर लांबीच्या रांगेत १२ कांदे बसतात. एका कुंडीत एक कांदा लावून ‘त्याला मोकळी जागा दिली’ असं समाधान मानू नका. या रोपाला गर्दी मानवते, आणि तीन-चार फुलं एकदम आल्याशिवाय त्याची शोभा दिसत नाही.

५. एकदा भरपूर पाणी द्या, खालून वाहू द्या. त्यानंतर नवी पात दिसेपर्यंत, साधारण दोन ते तीन आठवडे, माती नुसती दमट ठेवा.

जागा उन्हाची हवी, रोज किमान पाच-सहा तास. फुलं उन्हात उमलतात आणि संध्याकाळी मिटतात; ढगाळ दिवशी पांढरी तर अर्धवटच उघडते. पूर्वेकडच्या गॅलरीत चालतं. उत्तरेकडच्या गॅलरीत पानं लांबून लोळतात आणि फुलं तुरळक येतात. तिथे पाण्याची कुठलीही युक्ती कामाला येत नाही.

कोरड देऊन फुलवणं

आता मुख्य भाग. लावणीनंतर किमान दोन-अडीच महिने झालेले असावेत, प्रत्येक कांद्याला चार-पाच पानं असावीत. ज्या कांद्यात साठा नाही त्याला तहान दिली तर तो फक्त सुकतो.

कुंडी पावसापासून आणि पाण्याच्या झारीपासून दूर ठेवा. ऊन मात्र मिळू द्या. मातीची पसरट कुंडी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत कोरडी होते, पावसाळी हवेत दोन आठवडे किंवा जास्त लागतात. दिवस मोजण्यापेक्षा तीन खुणा बघा. दोन इंच खोल घातलेली काडी कोरडी निघते. कुंडी उचलल्यावर ओल्या कुंडीच्या मानाने चटकन हलकी लागते. पानं दुपारी किंचित मरगळतात आणि एखाद-दुसऱ्या पानाचं टोक पिवळं पडतं. तिसरी खूण दिसल्यावर आणखी पाच-सात दिवस थांबा. हेच दिवस लोकांना जड जातात, जीव राहवत नाही आणि तांब्याभर पाणी घातलं जातं. त्या तांब्याभर पाण्याने सगळी मेहनत वाया जाते: वरची माती भिजते, कांद्याला अर्धवट ओल मिळते, फूल येत नाही आणि नवी पानं मात्र फुटतात.

कोरड पुरी झाली की कुंडी पाण्याच्या बादलीत किंवा टबात काठापर्यंत बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच ठेवा. बाहेर काढून निथळू द्या. कोरड्या मातीवर नुसतं वरून पाणी ओतलं तर ते कुंडीच्या कडेने खाली पळतं, मधला गोळा कोरडाच राहतो, म्हणून बुडवायचं. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरा थर साचतो. पण नळाच्या पाण्यानेही फुलं येतात, अट एवढीच की आधीची कोरड खरी असावी आणि भिजवणं पुरेपूर असावं.

पहिले दोन दिवस काही दिसणार नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पानांच्या बुंध्याशी लालसर टोकं दिसू लागतात. तिथून वेग थक्क करणारा असतो. एका दिवसात दांडा बोटभर वाढतो. पाचव्या ते आठव्या दिवसांत फुलं. एक फूल एक ते तीन दिवस टिकतं, पण कांदे पुढे-मागे फुलत असल्याने कुंडी चार-सहा दिवस बहरलेली असते. कळीचं टोक दिसल्यापासून फुलं सुकेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नका, नाहीतर दांडे आखूड राहतात.

बहर ओसरला की तीन-चार आठवडे नेहमीसारखं पाणी आणि खत द्या, कांद्याला पुन्हा साठा करू द्या, आणि मग दुसरी फेरी. मार्च ते ऑक्टोबर या काळात मोठ्या गुलाबीच्या आणि पिवळीच्या तीन-चार फेऱ्या सहज होतात. लागोपाठ कोरड दिलीत तर कांदे बारीक होत जातात.

सततची फुलं हवी असतील तर तीन कुंड्या करा आणि एकीच्या मागे दुसरी अशी आठ-दहा दिवसांच्या फरकाने बुडवा. बुडवल्याची तारीख कुंडीवर खडूने लिहा. तिसऱ्या आठवड्यात कोणती कुंडी कितव्या दिवशी आहे हे कुणालाच आठवत नाही.

हे कशामुळे होतं? या जातींच्या मूळ कुरणांत कोरडे आणि ओले दिवस आलटून-पालटून येतात. कळी कांद्याच्या आत आधीच तयार होऊन थांबलेली असते. ओल आली की ती झपाट्याने वर येते, फुलते, बी धरते आणि पुढची कोरड येण्याआधी काम उरकते. माती सदा ओली असेल तर ही घाई करण्याचं कारणच उरत नाही. कँडिडा या नियमात बसत नाही, कारण तिचं माहेर पाणथळ आहे. तिला वरचेवर पाणी द्या, जुलै-ऑगस्टमध्ये पावसात ठेवा.

खत

नत्र जास्त झालं की पानंच पानं. गवताला घालतात तसा युरिया इथे अजिबात नको. पात वाढत असताना महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम. कोरड सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी शेवटचा डोस ०:०:५० या पोटॅशच्या खताचा, लिटरला १ ग्रॅम. सेंद्रियच करायचं तर बहरानंतर मूठभर गांडूळखत आणि चुलीच्या लाकडाच्या राखेची चिमूट पुरते. कोरड्या मातीवर खताचं पाणी कधीही घालू नका, मुळं जळतात. आधी साधं पाणी, मग खत.

महाराष्ट्रातला पाऊस आणि ही कुंडी

पुण्यासारख्या मध्यम पावसाच्या ठिकाणी कुंडी उघड्यावर राहिली तरी बिघडत नाही. पावसाने चार-पाच दिवस दडी मारली आणि पुन्हा झोडपलं की फुलं आपोआप येतात. कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावर मात्र जुलैत सलग तीन आठवडे माती सुकतच नाही. तिथे मृगाची फुलं येऊन गेली की कुंडी छज्ज्याखाली घ्या. पण पागोळीखाली ठेवू नका. छपरावरून पडणारी धार माती धुऊन नेते आणि कांदे उघडे पाडते. कुंडीखाली ताटली असेल तर पावसाळ्यात ती काढून टाका. साचलेल्या पाण्यात कांदे कुजतात आणि डासही होतात.

नोव्हेंबरपासून पाणी कमी करा, दहा-बारा दिवसांतून एकदा. मोठ्या गुलाबीची पानं पिवळी पडून गळतात, ते ठीक आहे. हिरवी पानं ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून कापू नका, कांदा त्यांच्यावरच जगतो. पूर्ण वाळलेली पानं तेवढी ओढून काढा. महाराष्ट्रातल्या थंडीचा या रोपाला काही त्रास नाही.

न्यू जर्सीसारख्या गोठवणाऱ्या थंडीच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी कुंडीच ठेवावी आणि पहिल्या हिमाआधी घरात, १० ते १५ अंशांच्या कोरड्या कोपऱ्यात घ्यावी. पांढरी कँडिडा त्यातल्या त्यात काटक आहे. टेक्सासमध्ये असाल तर पावसानंतर रस्त्याकडेला संध्याकाळी उमलणारी पांढरी सुगंधी रेन लिली दिसेल. ती तिथली मूळची रानजात आहे. रानातून उपटू नका, नर्सरीतून आणा.

काय बिघडतं

पानं एका रात्रीत फस्त झाली तर ती लिलीची अळी. काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी-लाल ठिपके, पाहताच ओळखू येते. ही अळी आपल्या रानातल्या कळलावीवरही असते, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे धाड घालते. सुरुवातीला पानाच्या खाली अंड्यांचे पुंजके असतात. तेव्हाच ते पान काढलं तर पुढचं टळतं. मोठ्या अळ्या संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. कुंड्या जास्त असतील तर बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर, लिटरला १ ते २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. बीटी लहान अळ्यांवर चांगली चालते, बोटाएवढ्या झाल्यावर फारशी नाही. पानं गेली तरी कांदा बहुधा वाचतो. अळी कांद्याच्या मानेत शिरली असेल तर कांदा उपटून, कापून बघावा लागतो.

मानेशी कापसासारखा पांढरा चिकटा दिसला तर पिठ्या ढेकूण. कोरड्या, उबदार दिवसांत वाढतो आणि पानांच्या बेचक्यात लपतो, म्हणून वरवरची फवारणी पोचत नाही. कांदे काढा, वाहत्या पाण्याखाली जुन्या दातब्रशने घासा, बाहेरची सुकी सालं काढून टाका, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली द्रव साबण मिसळून त्यात १० मिनिटं बुडवा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती उन्हात पसरून पंधरा दिवस तापवल्याशिवाय परत वापरू नका.

पानांवर आणि दांड्यांवर विटकरी-लाल चट्टे, दांडा त्या जागी वाकलेला, हा बुरशीचा रोग आहे. दमट हवेत आणि पानांवर पाणी राहिल्याने वाढतो. चट्टे पडलेली पानं कापून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारताना तोंडाला मास्क, हातात मोजे.

कांदा मऊ आणि वासाचा झाला की त्याला औषध नाही. फेका, आणि शेजारचे कांदे उपसून तळ तपासा. गोगलगायी कळ्या कुरतडतात. त्या रात्री वेचाव्यात. कुंडीभोवती मीठ टाकण्याचा उपाय माती बिघडवतो.

यातलं काहीच नाही, ऊन आहे, कोरडही नीट दिली आणि तरी फूल नाही? मग कांदे नुकतेच विभागले असतील, किंवा कुंडी नको तितकी मोठी असेल. दोन्हीला इलाज एकच, हात न लावता एक हंगाम जाऊ देणं.

कांदे वाढवणं, बी आणि संकर

दोन-तीन वर्षांत कुंडी कांद्यांनी ठासून भरते. माती वर फुगते, कुंडीला तडाही जातो. तरीही फुलं चांगली येत असतील तर हलवू नका. फुलं घटली की फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डा बाहेर काढा, पाण्यात भिजवून माती सोडवा आणि कांदे हाताने सुटे करा. मोठे एका कुंडीत, हरभऱ्याएवढे बारीक दुसऱ्या कुंडीत.

महागडी जात लवकर वाढवायची असेल तर कांदा चिरण्याची पद्धत आहे. स्पिरिटने पुसलेल्या धारदार ब्लेडने २ सेंमीचा निरोगी कांदा उभा चिरून चार फोडी करा. प्रत्येक फोडीला तळाच्या चकतीचा तुकडा हवाच, नाहीतर त्यातून काही उगवणार नाही. वर सांगितलेल्या कार्बेन्डाझिमच्या पाण्यात २० मिनिटं, मग पिळून काढलेल्या दमट कोकोपीटसह झिपच्या पिशवीत भरून सावलीत ठेवा. साधारण सहा ते दहा आठवड्यांत सालांच्या मधे ज्वारीएवढे कांदे धरतात. पिशवीत पाणी दिसलं तर ओल जास्त झाली. हात थरथरत असेल तर हा प्रयोग एकुलत्या एक कांद्यावर करू नका.

बी सिट्रिना आणि रोझिया सहज धरतात. फूल सुकल्यावर तीन कप्प्यांचं हिरवं बोंड फुगतं आणि तीन-चार आठवड्यांत पिवळं पडून तडकतं. आतलं बी काळं, कागदासारखं पातळ. वाऱ्याने लगेच उडतं, म्हणून बोंडावर जाळीची छोटी पिशवी बांधा. बी ताजंच पेरा, ठेवून ठेवून ते मरतं. वाटीत पाणी घेऊन बी त्यावर तरंगत ठेवलं की आठवडाभरात पांढरं मूळ दिसतं. मग एकेक उचलून ओल्या मिश्रणावर ठेवा आणि वर वाळूचा पातळ थर द्या. उबदार हवेत वर्ष-दीड वर्षात पहिलं फूल येतं.

संकर करायचा तर एक गोष्ट आधी कळायला हवी. सिट्रिनाच्या बियांतून येणारी रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. परागकण दुसऱ्याचे घातले तरी बी धरतं, पण गर्भ आईचाच. त्यामुळे तिला आई करून काही हाती लागत नाही. तिला बाप करावं आणि कँडिडाला आई. ‘एजॅक्स’ ही जुनी फिकट पिवळी संकरित जात याच जोडीची. कोलकात्यात सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी विसाव्या शतकात रेन लिलीचे बरेच संकर केले, म्हणजे हे काम आपल्या देशात नवं नाही. कृती साधी: आईचं फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी हलकेच उघडून सहाही परागकोश चिमट्याने काढा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान बापाच्या फुलाचे ताजे पराग आईच्या फुलातल्या स्त्रीकेसराच्या तीन फाट्यांच्या टोकावर लावा. दांड्याला दोरा बांधून दोन्ही नावं आणि तारीख लिहा.

विषाबद्दल

रेन लिलीच्या सगळ्या भागांत, आणि कांद्यात सर्वांत जास्त, लायकोरीन नावाचं विष असतं. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब होतात. एकाच गॅलरीत लसणाची पात लावली असेल तर कुंड्या वेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. पान चुरगळून लसणाचा किंवा कांद्याचा वास आला नाही तर ते भाजीत घालायचं नाही. जमिनीत पसरलेली रेन लिली पावसाळ्याच्या सुरुवातीला फोडशीसारख्या रानभाजीत मिसळून खुडली जाण्याचा धोकाही खरा आहे, तेव्हा अंगणात दोन्ही शेजारी वाढू देऊ नका. काढलेले कांदे उघड्या टोपलीत स्वयंपाकघरात सुकायला ठेवू नका. कुत्रं माती उकरणारं असेल तर कुंडी उंचावर ठेवा. चिरकाम करताना हातमोजे घाला, कांद्याच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. चुकून कुणी कांदा खाल्ला तर घरगुती उपाय करत बसू नका, उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.